मदत हवी आहे: मुलांसाठी हवेतल्या प्रदूषणाची मर्यादा कमी करा, हे मागायचं कुठे?

नमस्कार मंडळी, मुंबईत लेकीच्या शाळेला खेटूनच टॉवरचं काम चालू आहे. हिरवं कापड लावलंय, तेही नावालाच. बाकांवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ! दिवाळीपासून तिचा खोकला हटत नाही, अॅपवर मात्र हवा 'समाधानकारक'. आपल्याकडे पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, तीही २००९ ची; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, त्यांना ६० कसं चालेल? पालकांतर्फे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला निवेदन द्यायचंय. कुणी दिलंय का? मसुदा असेल तर पाठवा. आणि तोवर पीटी वर्गात घ्या, हे मुख्याध्यापकांना कसं पटवायचं?