केव्हीएम: सिग्नल पाठवला तरी वीसीपीयू गेस्टमध्येच अडकतो

बिटवाला
केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) स्वतःचा छोटा व्हीएमएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा प्रोग्रॅम, लिहितोय. इंटरप्ट कंट्रोलर कर्नलमधला नाही, माझाच आहे, आणि गेस्ट (व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारी सिस्टीम) म्हणजे माझंच चिमुकलं कर्नल, टायमर अजून नाही, फक्त सिरियल पोर्ट. वीसीपीयू (गेस्टचा व्हर्च्युअल प्रोसेसर) चालवणाऱ्या थ्रेडचा लूप साधा आहे, क्यूमध्ये इंटरप्ट आहे का बघायचं, असला तर केव्हीएम_इंटरप्टने गेस्टला द्यायचा, मग केव्हीएम_रन, म्हणजे गेस्ट चालू करणारी कॉल. सिरियलचा थ्रेड वेगळा, तो लॉक घेऊन क्यूमध्ये टाकतो आणि वीसीपीयू थ्रेडला सिगयूएसआर१ हा सिग्नल पाठवतो, तो आल्यावर धावणारं फंक्शन म्हणजे हँडलर रिकामा आहे. आता होतं असं की ए दाबला तर कधीकधी काहीच उमटत नाही, मग बी दाबला की एबी दोन्ही एकदम येतात. मध्ये प्रिंटएफ टाकला की सगळं सुरळीत! तीन दिवस झाले, डोकं चालेना.

रात्रपाळी
प्रिंटएफने बरं होतंय म्हणजे रेसच आहे, दोन थ्रेडपैकी कोण आधी पोचतो यावर निकाल ठरतोय. तुझं क्यू बघून झालं, रिकामी होती, आणि केव्हीएम_रन अजून सुरू व्हायचंय, नेमका त्या फटीत सिग्नल आला. हँडलर धावला, काही न करता परतला, सिग्नल संपला. पुढे केव्हीएम_रन गेस्टमध्ये शिरतं आणि त्याला कोणी हाक मारलेली हे आता कुठेच नोंदलेलं नाही. बीचा सिग्नल आला तेव्हा बाहेर पडला, म्हणून दोन्ही अक्षरं एकदम. हँडलरमध्ये केव्हीएम_रन स्ट्रक्चरमधलं इमिजिएट_एक्झिट १ कर. केव्हीएम_रन सुरू होताना ते एकदा बघतं, १ असलं तर आत न जाता ईआयएनटीआर (मध्येच थांबवलं असं सांगणारा एरर) देऊन परत येतं. हे फील्ड यायच्या आधी यासाठी केव्हीएम_सेट_सिग्नल_मास्क (केव्हीएम_रन चालू असताना कोणते सिग्नल रोखायचे ते ठरवणारी कॉल) वापरायचे, आता त्याची गरज नाही.

बिटवाला
केलं. खूप कमी झालं पण गेलं नाही, केव्हीएम_रनच्या अगदी आधीच्या ओळीत ते परत ० करतोय. आणि एक विचारायचं होतं, होस्टचा (खऱ्या मशीनचा) टायमर टिक आला की गेस्टमधून बाहेर पडतंच ना, मग तेव्हा तरी क्यू का दिसत नाही?

रात्रपाळी
टिकचं बाहेर पडणं कर्नल आतल्या आत उरकतं आणि परत गेस्टमध्ये जातं, तुझ्या लूपपर्यंत ते पोचतच नाही. आणि ० करायची जागा चुकली रे! क्यू बघितल्यावर ० करतोस म्हणजे मधे आलेली हाक स्वतःच पुसतोयस. आधी ० कर, मग क्यू बघ. सिग्नल ० करण्याआधी आला असेल तर क्यूमध्ये माल आधीच पडलाय, तो दिसेल. नंतर आला तर १ तसंच राहील आणि केव्हीएम_रन परत येईल. तिसरी शक्यता उरत नाही. फक्त कंपायलरने ओळी हलवू नयेत म्हणून व्होलाटाइल वापर.

कर्नलचा_नाद
हाच क्रम खाली कर्नलमध्येही आहे, बघण्यासारखा आहे. वीसीपीयू गेस्टमध्ये शिरताना इंटरप्ट बंद करतो, मोडमध्ये "गेस्टमध्ये" असं लिहितो, मेमरी बॅरियर (आधीचं लिहिणं पुरं झाल्याशिवाय पुढचं वाचू न देणारी सूचना), आणि मग त्याच्यासाठी कोणी रिक्वेस्ट ठेवली आहे का बघतो. पाठवणारा आधी रिक्वेस्ट लिहितो, बॅरियर, मग मोड बघतो आणि गरज असेल तरच आयपीआय, म्हणजे एका प्रोसेसरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट, पाठवतो. बॅरियर नसेल तर एक्स८६ वरसुद्धा लिहिलेलं स्टोअर बफरमध्ये (मेमरीत जाण्याआधीची प्रोसेसरमधली रांग) थांबून पुढचं वाचणं आधी होऊ शकतं, मग दोघांनाही दुसऱ्याचं जुनंच दिसतं आणि कोणीच कोणाला उठवत नाही. आयपीआय इंटरप्ट बंद असताना आला तरी हरवत नाही, तो थांबून राहतो आणि गेस्टमध्ये शिरताक्षणी बाहेर काढतो. पोस्टेड इंटरप्टमध्येही (हार्डवेअरच गेस्टला इंटरप्ट पोचवतं ती सोय) तेच, कोणते इंटरप्ट आलेत त्याची २५६ बिटांची नोंद, म्हणजे पीआयआर, वाचण्याआधी "काहीतरी आलंय" सांगणारा ओएन बिट साफ करतात, नंतर केला तर मधला इंटरप्ट गेलाच म्हणून समज.
अजून एक बघ, गेस्टने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर केव्हीएम_इंटरप्ट लगेच करू नकोस, रिक्वेस्ट_इंटरप्ट_विंडो १ कर, गेस्ट तयार झाला की केव्हीएम स्वतः बाहेर येऊन सांगतं.

बिटवाला
ओळ वर नेली. मग मुद्दाम क्यू बघणं आणि केव्हीएम_रन यांच्यामध्ये यूस्लीप घालून फट रुंद केली, जुन्या कोडवर दर दोन-चार अक्षरांमागे अडकत होतं. नव्या कोडवर तोच यूस्लीप ठेवून रात्रभर स्क्रिप्टने अक्षरं पाठवली, सकाळी मोजली, एकही मागे राहिलं नव्हतं. विंडोचं खरंच केलेलं नव्हतं, आज तेच घेतो. दोघांचे मनापासून आभार.