भजी नव्हे, क्रम बघा
रमजानात बाजारातली भजी-समोसे बंदच करा, असं काही जण सांगतात. ते पटत नाही. खरी गडबड रोजा सोडताना खाण्याच्या क्रमात होते. क्रम असा ठेवा: एक किंवा तीन खजूर, ग्लासभर साधं पाणी घोटघोट, कलिंगडाच्या दोन फोडी. मग मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज, आणि त्यानंतरच जेवण. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात, त्यातली बरीचशी या मधल्या वेळात निघून जातात. बर्फाचं गोड सरबत आधीच गटागटा प्यायलं तर पोट टम्म होतं, तरावीहला, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या लांब नमाजला, उभं राहणं जड जातं.

भजी घ्यायचीच तर दुपारपासून रचलेल्या ढिगातली अजिबात नकोत. गर्दीत तीच पुन्हा कढईत सोडली की आणखी तेल पितात. समोर काढलेला घाणा घ्या, कागदात. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारली की वाफेने मऊ पडतात.