मदत हवी आहे: स्टिअरिंग वाकडं बसलंय आणि कॉलममधून (चाकाखालच्या दांड्यातून) कट-कट (ठाणे)

मंडळी, गाडी हॅचबॅक, पेट्रोल, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "तरी सांगत होतो, ही गाडी घेऊ नका" इथेच अडकेल. राहायला कासारवडवली, नोकरी महापेला. म्हणजे रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. पावसाळ्यात मेट्रोच्या बॅरिकेडशेजारून गाडी काढली की काय होतं ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

पावसाळा संपल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. टायरच्या दुकानात अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतलं. ओढणं थांबलं, पण आता गाडी सरळ चालताना स्टिअरिंग उजवीकडे कललेलं असतं. पाम बीच रोडला मोकळ्या लेनमध्ये मुद्दाम बघितलं, गाडी नाकासमोर जाते आणि मधला लोगो तिरका. परत जाऊन सांगितलं तर दुकानदाराने प्रिंट पुढे केला, "मॅडम, सगळं हिरवं आहे." पुढे म्हणाला, हवं तर स्टिअरिंग खोलून दांड्यावर एक दाता फिरवून सरळ बसवून देतो, दहा मिनिटांचं काम. मला ते पटलं नाही. आत एअरबॅग आहे, नुसतं चाक नाहीये ते.

दुसरी कटकट म्हणजे खरोखरच कट-कट. सोसायटीच्या गेटातून सर्व्हिस रोडला वळताना, किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग इकडून तिकडे केलं की एकदा "कट" आवाज येतो. हाताला जाणवतो. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजने गाडी चालवूनही न बघता "रॅक गेला, पूर्ण बदलावा लागेल" सांगितलं (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा खालचा भाग). आकडा ऐकून मी चहासुद्धा न घेता निघाले.

प्रश्न एवढाच: या दोन गोष्टी एकमेकींशी संबंधित आहेत का, आणि रॅकला हात लावण्याआधी काय काय तपासून घ्यावं? ठाणे-नवी मुंबईत कोणी नीट ऐकून घेणारा मिस्त्री माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद: +१, माझंही हेच रडगाणं. वाचनखूण साठवतो.

प्रतिसाद: ताई, चाक खोलू दिलं नाहीत ते उत्तम केलंत. दाता फिरवून लोगो सरळ दिसेल, पण खाली रॅक मध्यावर नसेल तर तो तसाच राहील. एका बाजूला गाडी जास्त वळेल, दुसऱ्या बाजूला कमी. चाकामागे क्लॉक स्प्रिंग असते, हॉर्न आणि एअरबॅगची वायर तिच्यातून जाते. तिचा मध्य चुकला तर कधीतरी पूर्ण वळवताना ती तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

आता हिरव्या प्रिंटबद्दल. मशीन चाकांचे कोन मोजतं, तुमच्या हातातलं स्टिअरिंग त्याला दिसत नाही. दुकानातल्या पोराने स्टिअरिंग मध्यावर होल्डरने लॉक न करता टाय रॉड (रॅकपासून चाकांपर्यंतचे दांडे) फिरवले, की टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) बरोबर येतो आणि लोगो वाकडा राहतो. किंवा दोन्ही बाजूंचे चेकनट (टाय रॉड जागेवर पक्के ठेवणारे नट) सैल करायचा कंटाळा म्हणून एकाच बाजूने सगळं जुळवतात. खाली वाकून दोन्ही टाय रॉडचे उघडे आटे बघा. एकीकडे बरेच जास्त आणि दुसरीकडे कमी दिसले तर तिथेच शंका घ्या. इलाज सोपा आहे: टायरची हवा बरोबर करून, स्टिअरिंग सरळ लॉक करून, मग डावा-उजवा टो वेगवेगळा जुळवायचा. आधी मागच्या चाकांचे आकडेही बघायला सांगा. मागचा ॲक्सल खड्ड्यात तिरका झाला असेल तर पुढे कितीही पाने फिरवा, स्टिअरिंग वाकडंच येणार. आणि हो, आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी किंचित डावीकडे गेली तर तो दोष समजू नका.

प्रतिसाद: आवाजाचं मी सांगतो, माझ्या गाडीला झालं होतं. गाडी उभी, इग्निशन चालू. एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने पेडलच्या वर जिथे कॉलम खाली उतरतो तिथल्या कपलिंगच्या जॉइंटला दोन बोटं लावायची. कपड्याची बाही, ओढणी लांब ठेवा. आवाजाबरोबर बोटाला टिचकी बसली तर जॉइंट गेलाय किंवा त्याचा बोल्ट ढिला आहे. तिथे काही नाही लागलं तर पुढच्या स्प्रिंगला हात लावून बघा. तिथे झटका बसला तर वरचं स्ट्रट माउंट बेअरिंग, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावरचं बेअरिंग. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) रबराचा बूट असतो, तो सुकला की चूंचूं करतो, कट नाही. रॅकचा खडखडाट बहुतेक वेळा बारीक खड्ड्यांवरून सरळ जातानाच येतो. उभ्या गाडीत एकच कट म्हणजे रॅक शेवटी बघायचा.

धागाकर्ती: खूप आभार! दादाला गाडीत उलटं झोपवून केलं. तिसऱ्या-चौथ्या वळणाला "अगं लागली, लागली!" म्हणून ओरडला. खालच्या जॉइंटलाच टिचकी बसते, बोल्ट घट्ट आहे. आटेही बघितले, डावीकडे उजवीकडच्या जवळपास दुप्पट उघडे आहेत. म्हणजे दोन दुखणी, दोन्ही वेगवेगळी?

प्रतिसाद: वेगवेगळीच. आधी कपलिंग, मग अलाइनमेंट, उलटं करू नका, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातील. कपलिंग काढण्याआधी शाफ्ट आणि जॉइंटवर पेंटची रेघ मारून घ्यायला सांगा, म्हणजे दाता चुकणार नाही. बॅटरी काढलेली हवी, आणि स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवायचं, ते मोकळं गरगर फिरलं की क्लॉक स्प्रिंगची वाट लागते. जॉइंटमध्ये हाताने खेळ जाणवत असेल तर तोपर्यंत महापेला बसने जा. गाडीला ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सर झिरो करून घ्या. ऐरोलीतला एक मिस्त्री व्यनि केलाय, शनिवारी सकाळी लवकर गाठा, दुपारनंतर तो कोणाचंच ऐकत नाही.

धागाकर्ती: व्यनि मिळाला. त्याच्याशी बोलले, म्हणाला "रॅक कोणी सांगितला?" आणि हसला. पार्ट मागवलाय.