हॉलमध्ये २६ अंश, आईच्या खोलीत गारठा : फरशीखालच्या हीटिंगचं करायचं काय?

नेकारकाठची

नमस्कार मंडळी,

श्टुटगार्टला बाड कानश्टाटमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. इमारत नवीकोरी, घर तिसऱ्या मजल्यावर, रेडिएटर एकही नाही, सगळं फरशीखालचं हीटिंग, म्हणजे फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरतं. आधीच्या जुन्या घरात कुडकुडून झालं होतं, त्यामुळे हे घर मिळालं तेव्हा जाम खूश होतो. आता बाहेर उणे २ आणि हॉलमध्ये २६! भर जानेवारीत लेकाच्या मानेवर घामोळं उठलंय. हॉलचा थर्मोस्टॅट २० वर आणला, मग १८ वर. ढिम्म फरक नाही.

आईच्या खोलीत नेमकी उलटी बोंब. ती साताऱ्याहून आलीय. तिच्या खोलीचा थर्मोस्टॅट २४ वर नेऊन ठेवलाय, तरी ती गोधडीवर दुलई घेऊन झोपते. खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या आहेत. हॉलच्या कपाटातली पातळ पाणी, आईच्या उशाशी असते ती थिजून गच्च. चमच्याने उकरावं लागतं.

हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, म्हणतो, हे हीटिंग संथ असतं, धीर धरा. आम्ही दिवसभर हॉलची खिडकी तिरकी उघडी ठेवून धीर धरतोय. गंमत म्हणजे ज्या दिवशी खिडकी उघडी राहते, त्या रात्री आईची तक्रार नसते. पॅसेजच्या भिंतीत एक पत्र्याची पेटी आहे, आत नळ्यांची रांग. तिला हात लावायची छाती होत नाही. कोणी केलंय का हे?

आइंडहोवनचा_अण्णा

ताई, आधी ती खिडकी बंद करा. थर्मोस्टॅटला गार वारा लागला की त्याला वाटतं घर थंड पडलंय, आणि तो आणखी गरम पाणी सोडतो. वर तुमचे पैसे नेकार नदीत. दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि लावून टाकायच्या.

आणि आईंना म्हणावं, फरशीवर चटई टाकून बसा, उत्तम शेक मिळतो. :)

बंब_आणि_बादली

अण्णा, खिडकीचं बरोबर, पण इथे गोम वेगळी दिसतेय. ताईंनी उत्तर प्रश्नातच लिहिलंय.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. म्हणजे १८ मागितलेला हॉल २४ च्या वर आणि २४ मागितलेली खोली त्याच्या खाली. आता खिडकीचं बघा. खिडकी हॉलची उघडी, हॉलच्या थर्मोस्टॅटला थंडी वाजते, आणि ऊब कुठे येते? आईंच्या खोलीत! माझी पैज आहे, दोन थर्मोस्टॅटच्या वायरी अदलाबदल झाल्यात. नव्या इमारतींत हे सर्रास होतं. मी इकडे कार्ल्सरूहला हीटिंगच्या आराखड्यांचंच काम करतो, दर हिवाळ्यात अशी एखादी तक्रार येतेच.

त्यात चक्र कसं फिरतं पाहा. आईंना गार वाटतं, तुम्ही त्यांचा थर्मोस्टॅट वाढवता, त्याने हॉल तापतो. मग तुम्ही हॉलचा कमी करता आणि आईंचं उरलंसुरलं पाणी तोडता. जितकी काळजी घ्याल तितकं बिघडत जाणार.

खात्री करून घ्यायला पेटी उघडा, पण फक्त डोळ्यांनी. एका आडव्या दांड्यावर काचेसारख्या छोट्या नळ्या दिसतील, त्यावर मिनिटाला किती लिटर याचे आकडे असतात. दुसऱ्या दांड्यावर काडेपेटीहून थोडे मोठे पांढरे डबे, प्रत्येकातून एक वायर निघालेली. हे श्टेलआंट्रीब. त्यांच्यात मेण असतं. वीज मिळाली की मेण तापून फुगतं आणि झडप उघडते. म्हणून बटण फिरवल्यावर लगेच काही होत नाही, तीन ते पाच मिनिटं जातात.

घरातले सगळे थर्मोस्टॅट तळाला न्या. दहा मिनिटांनी सगळ्या काचनळ्या शून्यावर यायला हव्यात. मग फक्त आईंच्या खोलीचा पूर्ण वर करा आणि कुठली नळी हलते ते पाहा. खाली चिठ्ठ्या असतील, 'वोनेन' म्हणजे हॉल, 'श्लाफेन' म्हणजे झोपायची खोली. 'वोनेन' हलली तर पैज मी जिंकलो.

सगळं तळाला नेऊनही एखादी नळी शून्यावर आलीच नाही तर मात्र भानगड निराळी. यातले बरेचसे डबे कारखान्यातून मुद्दाम उघड्या स्थितीत येतात आणि पहिल्यांदा काही मिनिटं वीज मिळाली की मगच बंद व्हायला शिकतात. एखाद्याची वायर जोडायचीच राहिली असेल तर तो हिवाळाभर उघडाच बसतो.

नेकारकाठची

दादा, जिंकलात! सगळं बंद केल्यावर नळ्या शून्यावर आल्या. आईचा थर्मोस्टॅट वर केला आणि 'वोनेन'च्या दोन्ही नळ्यांतले लाल ठिपके हळूहळू सरकायला लागले. आई शेजारी स्टूल घेऊन बसली होती, म्हणाली, "म्हणजे मी तुमचा हॉल तापवत होते होय!"

ते डबे हातानेच निघतील असे दिसतात. काढून एकमेकांच्या जागी बसवले तर?

बंब_आणि_बादली

निघतात हातानेच, पण तुमच्या हॉलला दोन नळ्या आणि आईंना एक, त्यामुळे हिशोब जुळणार नाही. वायरी बदलायला हव्यात आणि त्या जिथे जोडलेल्या असतात ती पट्टी बहुतेक घरांत २३० व्होल्टची असते. घर भाड्याचं आहे, हे काम मालकाचं. हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्यांना ई-मेल करा, वर 'मँगेलआनत्साइगे' (घरातल्या दोषाची तक्रार) असा विषय टाका, नळ्यांचा व्हिडिओ जोडा. "घर गरम होतं" एवढंच लिहिलंत तर पुन्हा धीर धरायला सांगतील. "खोली क्रमांक अमुकचा थर्मोस्टॅट हॉलची नळी उघडतो" असं लिहिलंत तर इलेक्ट्रिशियन पाठवावाच लागतो.

तोवर उलट्या हाताने चालवा : हॉल थंड करायचा तर आईंचा थर्मोस्टॅट खाली, आईंना ऊब हवी तर हॉलचा वर. आणि एकदा फिरवलं की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. नळ्यांवर सहा-सात सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर असतो, तो तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही.

नेकारकाठची

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. वायरी बदलायला पंधरा मिनिटं, त्याआधी पेटीसमोर उभं राहून मान हलवायला तेवढाच वेळ. आई आता एका दुलईवर आलीय. हॉल मात्र २० मागितलं तरी २२–२३ वर रेंगाळतो, दुपारी ऊन आलं की जास्तच. पॅसेजमध्ये तर थर्मोस्टॅटच नाही आणि तिथली फरशी सगळ्यात गरम!

बंब_आणि_बादली

पॅसेजखालून सगळ्या खोल्यांच्या नळ्या जातात, म्हणून तो फुकटात तापतो. तिथे फारसं करण्यासारखं नाही. दुपारच्या उन्हाला बाहेरचं शटर अर्धं खाली घ्या, कारण ऊन आलं म्हणून फरशी लगेच गार होत नाही.

राहिलं पाण्याचं तापमान. पेटीत एखादी गोल तापमापी आहे का? 'फोरलाउफ', म्हणजे खोल्यांकडे जाणारं पाणी, किती दाखवते?

नेकारकाठची

आहे. आत्ता ४१. बाहेर उणे १.

बंब_आणि_बादली

नव्या, नीट इन्सुलेशन असलेल्या इमारतीला एवढं लागू नये, ३५ च्या आतबाहेर भागायला हवं. ही हाइत्सकुर्वं, म्हणजे बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम करायचं ते तळघरातून अख्ख्या इमारतीसाठी ठरतं, तुमच्या हातात नाही. आधी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडेही उकडतंय का. उकडत असेल तर तिघांनी मिळून एकच पत्र द्या, त्यात तारीख, बाहेरचं तापमान आणि फोरलाउफचा आकडा. आणि काचनळ्यांच्या खालच्या कड्या तोवर फिरवू नका; फिरवायच्याच झाल्या तर आधी सगळ्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा.