मॉकबी: गरिबांचा वास्तुकार की गरिबांवर प्रयोग करणारा?

खडीवाळू:
सॅम्युअल मॉकबी (१९४४–२००१) मूळचा मिसिसिपीचा. १९९३मध्ये त्याने डी. के. रूथ यांच्यासोबत ऑबर्न विद्यापीठाचा 'रूरल स्टुडिओ' काढला. आर्किटेक्चरची पोरं अलाबामातल्या हेल काउंटीत नेऊन गरीब कुटुंबांसाठी घरं बांधून घेतली. सगळे वाहवा करतात. मला एकच खुपतं: विद्यार्थ्यांनी हात साफ करायचा तो गरिबाच्याच घरावर का? पैसेवाला गवताच्या गाठींचं घर घेईल?

ओसरी:
गवत म्हटलं की नाक मुरडायचं का? स्टुडिओचं १९९४चं ते गवताचं घर बघा. गाठी रचून वर गिलावा. भिंत जाडजूड, त्यामुळे अलाबामाच्या उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. म्हाताऱ्या जोडप्याला पुढे ऐसपैस ओसरी, नातवंडांना मागे कमानीच्या छताचे तीन कोनाडे. शेजारी मांस धुरावर वाळवायचं खोपटं, फुटक्या काँक्रीटच्या तुकड्यांचं. भिंतीत काचेच्या बाटल्या बसवल्यात, त्यातून उजेड झिरपतो. त्या खोपट्याचा खर्च १४० डॉलर!

खडीवाळू:
आणि गिलाव्याला तडा जाऊन गवतात पाणी मुरलं की? साइटवर आयुष्य गेलंय माझं, ओल कुणाचं ऐकत नाही. त्याच काउंटीतल्या मेसन्स बेंड वस्तीत स्टुडिओनं बांधलेल्या सभागृहाला तर शेव्हर्ले कॅप्रिस गाड्यांच्या भंगारातल्या पुढच्या काचा, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक. फोटोत झकास. एक फुटली तर त्याच मॉडेलची गाडी शोधत हिंडायचं?

तिसरी_घंटा:
मॉकबी पोरांना आधी त्या कुटुंबाशी ओळख करून घ्यायला लावायचा, मग नकाशा. हे आपल्याकडचे किती जण करतात? (आमच्या बिल्डरने तर मोरी कुठे हवी तेही विचारलं नाही.) पण खडीवाळूंचा मुद्दा अगदीच फोल नाही. मॉकबीनंतर स्टुडिओ सांभाळणाऱ्या अँड्र्यू फ्रीअरच्या काळात, २००५पासून, '२०-के हाउस' आलं: साहित्य-मजुरी धरून २०,००० डॉलरांत, गावातल्या कंत्राटदाराला जमेल असं साधं लाकडी घर. हा आकडाही हवेतला नाही. सरकारी पेन्शनवर जगणाऱ्याला जेवढ्या कर्जाचा हप्ता झेपेल, त्यावरून काढलेला.

खडीवाळू:
म्हणजे साधं घरच हवं होतं. हे कळायला बारा वर्षं?

ओसरी:
ती बारा वर्षं नसती तर त्या जोडप्याचं गळकं खोपटंच राहिलं असतं. शिवाय घर फुकट मिळालं.

खडीवाळू:
फुकट मिळालं म्हणजे तक्रारीचंही तोंड राहिलं नाही, हे लक्षात घ्या.