जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी कशासाठी?

प्रश्न :
माझ्या वडिलांच्या जठराच्या खालच्या भागात कर्करोगाची गाठ आढळली असून ती अन्यत्र पसरलेली दिसत नाही, तरीही डॉक्टरांनी आधी केमोथेरपीची ४ आवर्तने आणि मगच शस्त्रक्रिया असे सांगितले आहे. गाठ काढता येण्यासारखी असताना थांबायचे कशासाठी?

प्रतिसाद १ :
आपली धास्ती स्वाभाविक आहे, परंतु हा विलंब नसून उपचाराचाच पहिला भाग आहे. गाठ जठराच्या भिंतीत खोलवर गेली असेल, तर स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी इतरत्र पोहोचलेल्या असू शकतात. म्हणून ‘फ्लॉट’ या चार औषधांच्या केमोथेरपी पद्धतीत ४ आवर्तने आधी व ४ नंतर देतात. रोग समूळ बरा होण्याचा मुख्य आधार मात्र शस्त्रक्रियाच असते. तीत जठराबरोबर भोवतालच्या लसिकाग्रंथीही काढतात व त्यांपैकी किमान १६ तपासल्या जाव्यात, अशी अपेक्षा असते. शल्यविशारद वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात, हे निःसंकोच विचारा.

प्रतिसाद २ :
माझ्या आईचे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका लहान आतड्याला जोडली होती. तिला दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे लागे, गोड खाल्ल्यास घाम येऊन धडधड होई, आणि बी-१२ चे इंजेक्शन कायमचे लागले. केमोथेरपीच्या काळात वडिलांचे वजन घटू देऊ नका, आहारतज्ज्ञांना आताच भेटा.

प्रतिसाद ३ :
उपचारांचा क्रम कर्करोगाच्या प्रकारानुसार बदलतो. उदाहरणार्थ, अन्ननलिकेच्या स्क्वॅमस (अस्तरातील चपट्या पेशींच्या) कर्करोगात केमोथेरपीसोबत रेडिएशन देऊन मग शस्त्रक्रिया करतात, त्यामुळे अन्य रुग्णांच्या उपचारक्रमाशी तुलना करू नये.