खलनायकाचं जहाज भेसूर, विक्राळ की आणखी काही?

पुठ्ठा-कात्री (नागपूर)

दर उन्हाळ्यात त्रिमूर्तीनगरात पोरांना पुठ्ठ्याची मॉडेलं करायला शिकवतो. यंदा विज्ञानपटांतली खलनायकांची जहाजं घेतली आहेत. शेवटच्या दिवशी पालकांसाठी सगळं मांडून ठेवतो आणि प्रत्येक मॉडेलपुढे मराठी पाटी असते. 'स्टार वॉर्स'मधल्या त्या लांबलचक त्रिकोणी जहाजापुढे, स्टार डिस्ट्रॉयरपुढे, मी लिहिलं: 'साम्राज्याचं भेसूर जहाज'. शेजारच्या काकू निवृत्त मराठीच्या शिक्षिका. त्यांनी पाटी हातात घेतली आणि म्हणाल्या, "भेसूर कसं रे हे? भेसूर म्हणजे पडका वाडा, रात्री रडणारं कुत्रं. हे तर इस्त्री केल्यासारखं आहे."

बरोबर बोलल्या. हे जहाज करडं, कोरं, दोन्ही बाजूंनी सारखं. उलट नायकाचं मिलेनियम फाल्कन पाहा, चालकाची खोली एका अंगाला लागलेली, पत्रे डागाळलेले, आणि त्याची भीती कोणालाच वाटत नाही. इंग्रजीत 'मेनेसिंग' म्हणतात तेव्हा त्यात कुरूपपणा नसतो. समोरच्याने अजून काही केलेलं नाही, पण तो करणार हे आपल्याला कळलेलं असतं. अक्राळविक्राळ, उग्र, रौद्र, भयाण, सगळे घालून पाहिले, एकही बसत नाही. रविवारी पाट्या रंगवायच्या आहेत. सुचवा.

उमरेडची लेक

काकूंचं पटलं. माझ्या आजीच्या तोंडी 'भेसूर' नेहमी आवाजाला लागून यायचं, भेसूर रडणं, भेसूर ओरडणं. मला तर त्यात 'सूर'च ऐकू येतो. तेव्हा जहाजाला नको, त्याच्या आवाजाला लावा. त्याच 1977 च्या चित्रपटात साम्राज्याची जी छोटी लढाऊ यानं आहेत, दोन बाजूंना षट्कोनी पाखं असलेली टाय फायटर, त्यांचा आवाज बेन बर्ट यांनी हत्तीच्या ओरडण्यात ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज मिसळून केला होता. हत्तीच्या ओरडण्याला आपल्याकडे शाळेपासून पाठ असलेला शब्द आहे, चीत्कार. त्या यानाखाली 'चीत्कारणारं' लिहिलंत तर ते शब्दशः खरं ठरेल.

शुद्धमती

ताई, 'चीत्कार' उत्तम. पण भेसूरमध्ये सूर शोधणं म्हणजे कानाला जे वाटलं ते कोशात घालणं. 'भेसूर चेहरा' आपण सगळेच म्हणतो, तिथे कुठला सूर?

माझं मत 'विक्राळ'ला. संस्कृतात 'कराल' म्हणजे आ वासलेलं, सुळे बाहेर आलेलं. त्याचंच विकराल आणि पुढे विक्राळ. रामदासांनी शंकराच्या आरतीत 'लवथवती विक्राळा ब्रह्मांडी माळा' लिहून ठेवलं आहे, म्हणजे हा शब्द अवकाशात आधीच जाऊन आलेला आहे. खलनायकाच्या तारायानाला याहून घरचा शब्द मिळणार नाही.

इतवारीकर

तुमच्याच आरतीवरून बोलतो. 'विक्राळा' म्हणताना आपण टाळ्या वाजवतो, पोरं झांजा घेऊन पुढे उभी असतात. भीती कोणाला वाटते?

आमच्या नागपूरच्या मिरवणुकीतला तो भला मोठा पुतळा, काळी मारबत घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, 1881 पासूनची प्रथा. बटबटीत डोळे, भलंमोठं धूड, अक्राळविक्राळ म्हणावी अशी. मी दोन वर्षांचा असल्यापासून बाबांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आणि कधी रडलो नाही. ती आपली इडापिडा घेऊन जाते हे माहीत असतं. शिवाय तिला तोंड आहे, डोळे आहेत, ती कुठे पाहते ते दिसतं. ज्याला दात आहेत त्याच्यापासून किती लांब राहायचं ते माणसाला समजतं.

आता 'स्टार ट्रेक'मधल्या बोर्ग या शत्रूंचं जहाज आठवा. टीव्ही मालिकेत 1989 मध्ये आलं, 1996 च्या चित्रपटातही आहे. नुसता चौकोनी ठोकळा. पुढची बाजू कोणती, मागची कोणती, काही नाही. ते आपल्याकडे पाहतंय की पाठ करून आहे हेच कळत नाही. मला चौदाव्या वर्षी त्या ठोकळ्याने जी झोप उडवली ती कुठल्याही सुळेवाल्या राक्षसाने नाही. त्याला विक्राळ म्हणणं म्हणजे नसलेलं तोंड चिकटवणं. माझा शब्द 'जरब'. जरबेचं जहाज.

नाळ-सुकाणू (रत्नागिरी)

विशेषणावर भांडताय, नाम तसंच राहिलं. 'तारायान' कोणाच्या तोंडात बसतं? यान म्हटलं की मला उपग्रह सोडायला गेलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे 'तारू' होतं की! तारू म्हणजे जहाज, आणि ताऱ्यांमधून जाणारं तारू. दोन्ही शब्दांचं मूळ एक नसेलही, पण कानाला एक लागतं आणि मराठी माणसाला तेवढं पुरतं.

आणि लढाऊ हवं असेल तर 'गुराब'. मराठ्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं असायची. गुराबेची नाळ निमुळती होत पुढे बाहेर आलेली आणि तिथून समोर मारा करायला तोफा. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, नागपूरकरांसाठी सांगतो. ती नाळ तुमच्याकडे वळली की तिचा रोख कळायचा. तुमचा तो त्रिकोण म्हणजे नुसती नाळच, मागचं जहाज नाममात्र. 'साम्राज्याची गुराब' लिहा, विशेषणाची गरज पडणार नाही.

शुद्धमती

'जरब' अरबीतून फारसीमार्गे आलेला, मूळ अर्थ तडाखा, मार. 'गुराब'ही अरबीच, तिथे तो कावळ्याच्या जातीचा काळा पक्षी. मराठी पाटीसाठी शब्द विचारला होता, म्हणून मराठी सुचवा एवढंच म्हणते. पाटीपुढे उभी राहणारी मुलं हेच शब्द घरी नेणार आहेत.

नाळ-सुकाणू (रत्नागिरी)

मग 'जहाज'ही अरबी, तेही काढा. काळ्या पक्ष्याच्या नावाची लढाऊ नौका तीनशे वर्षं कोकण किनाऱ्यावर मराठी बोलत होती. ती माझ्यासाठी मराठीच आहे, आणि याबाबतीत मी मागे हटणार नाही.

पुठ्ठा-कात्री (नागपूर)

थांबा, आज वर्गात जे झालं ते सांगतो. मग पुढे भांडा.

आठवीतली एक मुलगी तीन दिवस त्या त्रिकोणावर बसली आहे. मूळ चित्रपटासाठीचं मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं, आणि त्या चमूने अशा मॉडेलांवर रणगाड्यांच्या, विमानांच्या खेळण्यातल्या संचांचे बारीक प्लास्टिकचे तुकडे चिकटवले होते. त्याला ते 'ग्रीबल' म्हणतात. आम्ही 'किडूकमिडूक' म्हणतो. हिने बंद पडलेल्या रिमोटची बटणं, बॉलपेनची टोपणं, मोबाइलच्या चार्जरमधली पट्टी असं सगळं पोटाच्या बाजूने चिकटवलं. मी म्हटलं, अगं वरून कर, पोट कोणाला दिसणार? तिने मॉडेल दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं ठेवलं आणि मला फरशीवर निजवलं. मोबाइल डोळ्याशी धरून हळूहळू मागे सरकायला सांगितलं. मॉडेल जागच्या जागी, हलणारा फक्त मी. चित्रपटातही असंच केलं होतं, मॉडेल स्थिर आणि संगणकाने चालवलेला कॅमेरा फिरता, आणि हे तिला मी सांगितलेलं नव्हतं.

आधी टोक आलं. मग बटणांची रांग, मग ती पट्टी, मग आणखी बटणं. तीन फुटांचा पुठ्ठा संपेचना. छातीत धस्स झालं. ती वरून म्हणाली, "सर, अंगावर येऊन राह्यलं ना?"

मला वाटतं शब्द मिळाला. 'अंगावर येणारं'. यात कुरूपपणा नाही, दात नाहीत, अजून काही केलेलंही नाही. नुसतं येतंय. 1996 च्या 'इंडिपेंडन्स डे'मधली ती 24 किलोमीटर रुंदीची तबकडी शहरावर येऊन थांबते तेव्हा हल्ला सुरूही झालेला नसतो. रस्त्यावर सावली सरकते, एवढंच. तिथेही हेच बसतं.

इतवारीकर

जरब मागे घेतो. पण पाटीवर तिने म्हटलं तसंच लिहा, 'अंगावर येऊन राहिलेलं जहाज'. 'येणारं' म्हटलं की ते कधीतरी येईल. 'येऊन राहिलं' म्हटलं की आत्ता, या क्षणी, आणि अजून संपलेलं नाही. तुम्ही फरशीवर जे पाहिलं ते हेच.

शुद्धमती

हे मात्र नको. 'येऊन राहिलं' हे सरळ 'आ रहा है' आहे. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, कचेऱ्यांत हिंदी होती, तिथून हे घरात शिरलं. मराठीत 'येऊन राहिलं' म्हणजे येऊन मुक्कामाला थांबलं.

उमरेडची लेक

शुद्धमतीताई, माझी आजी एक दिवसही शाळेत गेली नाही आणि कचेरीची पायरीही चढली नाही. ती 'भात शिजून राह्यला' म्हणायची. तिला हिंदी कोणी शिकवली? मी पुण्याला शिकत असताना 'पाऊस येऊन राहिला' म्हटलं की मैत्रिणी माझं वाक्य दुरुस्त करायच्या. चार वर्षं मी तोंडावर ताबा ठेवून बोलले. आता नाही ठेवणार. 'येतोय' आणि 'येऊन राह्यला' यांत फरक आहे. दुसऱ्यात आपण दारात उभे राहून पाहत असतो.

शुद्धमती

तुमच्या आजींचा अनादर करायचा नव्हता, तसं वाटलं असेल तर माफ करा. पण घरातली आठवण हा एक पुरावा, आणि लिखित जुना दाखला हा दुसरा. हिंदीच्या आधीपासून ही रचना विदर्भात होती असं म्हणायचं तर जुन्या ग्रंथात दाखवा. महानुभावांचं गद्य तिकडचंच आहे ना?

उमरेडची लेक

लीळाचरित्र घरात आहे, बाबांची प्रत. पूर्वार्धापासून काढून बसते. '-ऊन राहणे' जिथे जिथे दिसेल तिथे पेन्सिलीची खूण करते. दोन-तीन रात्री लागतील.

नाळ-सुकाणू (रत्नागिरी)

त्यात 'तारू' कुठे आलं तर तेही टिपून ठेवा.